बापूरावांच्या आधी बोलणारा माणूस

विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीत, नाटकाला पुढे बसलेल्या माणसाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आधी प्रॉम्प्टर बोलतो, मग नट. प्रॉम्प्टर स्टेजच्या खाली, पेटीवाल्याच्या शेजारी, लोकांकडे पाठ करून बसतो. लहानू रामटेके वीस वर्षं तसा बसला. पत्रकावर पेटीवाल्याचं नाव असे, तबलजीचं असे, लायटिंगवाल्याचंही असे. लहानूचं नसे. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

नाटक मंडळी बापूरावांची. मालक तेच आणि हिरोही तेच. पन्नाशी उलटली तरी गालाला लाली लावून कॉलेजकुमार व्हायचे. आवाज खणखणीत, उभं राहणं रुबाबदार, पण पाठांतराच्या नावाने बोंब. लहानूने सांगायचं आणि यांनी टाळ्या घ्यायच्या, असा दोघांचा संसार.

लहानूचा खरा संसार ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात होता. तिथे मंडळीचा प्रयोग कधी लागलाच नाही. त्याच्या बायकोला, बायनाबाईला, धान कापताना बायका विचारत, "काऊन वं, तुहा नवरा नाटकात काय करते?"

"सांगते."

"कोनाले?"

"सगळ्याईले."

बायका हसत. हसून हसून त्यांनी लहानूला पडदा ओढणारा ठरवून टाकलं. ऐकून ऐकून बायनाबाईलाही शंका येऊ लागली होती, की हा माणूस दिवाळीपासून होळीपर्यंत नेमका करतो तरी काय.

दोन हजार चार साली ब्रह्मपुरीच्या जहीरने घरी कॉम्प्युटर घेतला. तो लग्नांचं शूटिंग करायचा. आता कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, नको ते कापायचं आणि घरच्या घरी व्हीसीडी काढायची, असा धंदा सुरू झाला. घरातला एकुलता पंखा कॉम्प्युटरच्या डब्याकडे वळला आणि जहीरची आई शमसुन्निसा पुठ्ठ्याने वारा घेऊ लागली. बापूरावांनी ठरवलं, आपल्या नाटकाचीही सीडी काढू आणि दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, तिथे विकू.

जहीरने प्रयोगाला जाऊन कॅमेऱ्याचा स्टँड लावला तो बरोबर लहानूच्या पाठीमागे. तिथून बापूराव छान दिसत होते. माइक मात्र कॅमेऱ्यातच होता, आणि माइकला जवळचा माणूस मोठा.

तीन सीडींचा पहिला संच बघायला बापूराव जहीरच्या घरी आले. थोडा वेळ स्वतःवर खूश होते. मग चेहरा उतरला. दर वाक्याला आधी लहानू, स्वच्छ आणि ठसठशीत, आणि मागून बापूराव, पोपटासारखे.

"त्याले काढ," ते म्हणाले. "हा संच तोडून टाक. त्याचा एकबी शब्द ऐकू आला, तं लहानूनं दुसरी मंडळी पाहावी."

दुसऱ्या दिवशी लहानू स्वतःच आला. आपला आवाज शोधून द्यायला! बायनाबाई बाजाराला आली होती, तीही दाराशी टेकली. लहानू जहीरच्या बाजूला बसून सांगत होता, "थांब, आता मी येतो. हं, काप." इतक्या निगुतीने स्वतःला पुसणारा माणूस जहीरने कधी पाहिला नव्हता.

मग प्रेमाचा प्रवेश आला. स्पीकरमधून लहानूचा आवाज हळू, ओला होऊन आला, "तू हाक मारलीस, तर मी भरल्या वैनगंगेतून चालत येईन."

बायनाबाई उठून आत आली. "हे कोन बोल्लं?"

"मी," लहानू म्हणाला.

"मले तं कधी असं नाई बोल्ले जी."

"पुस्तकात हाये ते," लहानू कानापर्यंत लाल झाला.

तिने ते वाक्य परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. जहीरने कपाटातून तो तोडायला सांगितलेला संच काढला आणि तिच्या पिशवीत भाजीखाली सरकवला. बापूरावांचा शब्द मोडला त्याने, आणि फार चांगलं केलं.

आवाज कापून झाला, सीड्या निघाल्या. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ नाटक पुसलं, कॅसेटवर एक लग्न शूट झालं. सीड्या मंडईत गेल्या आणि आठवडा व्हायच्या आत परत यायला लागल्या.

"खराब हाये," गिऱ्हाईक म्हणायचं. "बापूराव उभे राह्यतात, खाली पाह्यतात, मंग बोलतात. मंधातला आवाज गायब."

खरंच तसं होतं. हिरोईन रडते आहे, व्हिलनने सुरी काढली आहे आणि बापूराव जमिनीकडे बघत वाट पाहताहेत. लोकांना ती सीडी बिघडलेलीच वाटली.

बापूराव जहीरवर धावून आले. "टाक त्याचा आवाज परत!"

"कुठून टाकू जी? सारं पुसलं. तुमीच म्हणलं होतं." मग जहीरने खरं सांगून टाकलं. "एक संच हाये. बायनाबाईकडं."

दोघे गाडीवर लहानूच्या घरी गेले. मालक दारात पाहून लहानू हात जोडत आत संच आणायला वळला. बायनाबाई चौकटीत आडवी उभी राहिली.

"वीस वरसं याईनं तुमाले सांगतलं, काय बोलाचं ते," ती म्हणाली. "आज मी सांगतो. सीडीवर याईचं नाव टाका. तुमच्या नावाखाली, पन तेवढ्याच मोठ्या अक्षरात. टाकता का?"

शेजारच्या बायका अंगणात जमल्या होत्या. बापूरावांनी तोंड उघडलं. शब्द येईना. हजारो माणसांसमोर उभा राहणारा गडी, सवयीने त्याची नजर लहानूकडे गेली.

लहानूला मालकाची कीव आली. मान खाली घालून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हो बाई, टाकतो."

"हो बाई," बापूराव खणखणीत आवाजात म्हणाले, "टाकतो."