चंद्रीची फिर्याद

चांगुणाबाईचा आवाज काय सांगावा! मंठ्याच्या बाजारात तिनं नुसतं "चंद्रे, ये गं!" म्हटलं, आणि चोरीला गेलेली तिची शेळी दावं ओढत थेट तिच्या लुगड्याला येऊन चिकटली. दाव्याचं दुसरं टोक शेजारच्या सूरजच्या हातात. तिच्याच अंगणात खेळून मोठा झालेला गडी! त्याचं तोंड पार उतरलं.

लोकांनी धरून ठाण्यात नेलं. सूरज पाया पडला, "मावशे, चुकलो. मिटव." सगळेच म्हणाले, मिटव. पण मागं यानं दुर्गाबाईच्या कोंबड्या नेल्या, तवा चांगुणाबाईनंच मधी पडून मिटवलं होतं. त्यानं झालं काय? बाबा कोंबडीवरून शेळीवर आला!

हवालदार अप्पाराव म्हणाले, "फिर्याद दिली तर शेळी पुरावा म्हणून जमा होईल. कोर्टाचा हुकूम येईस्तोवर इथंच बांधावी लागंल. बघा बुवा."

चंद्री गाभण, दिवस भरत आलेले. चांगुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुकाट्यानं शेळी घेऊन घरी गेलं तर? मंग उद्या कुणाच्या दारातली जाईल?

"लिहा," ती म्हणाली. "पण चारापाणी मीच करणार. तुम्हाला शेळीतलं काय कळतंय!"

मंग रोज पाल्याची पेंढी घेऊन ती बसनं ठाण्यात. चंद्री तिथंच लिंबाखाली व्याली. दोन करडं, दोन्ही माद्या. अप्पारावांनी स्वतः पोतं अंथरलं अन् दिवसभर कौतुक करत हिंडले.

हुकूम झाला, तिघी घरी आल्या. करडं पाला खाऊ लागली तशी चांगुणाबाईनं एक उचललं आणि सूरजच्या बायकोच्या, प्रीतीच्या, दारात बांधलं. "बटईनं सांभाळ. पुढं हिची पिलं अर्धी तुझी, अर्धी माझी."

"चोराच्या घरी शेळी?" दुर्गाबाई कडाडल्या.

"चोरी त्यानं केली. हिनं काय केलंय?"

प्रीतीला रडूच आलं.

आता संध्याकाळी चांगुणाबाईनं चंद्रीला हाक मारली, की ते करडूही धावत येतं. परवा त्याच्यामागं जामिनावर सुटलेला सूरज आला, मान खाली घालून. "मावशे, दावं सुटलं हिचं."

"सुटू दे, येईल परत." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तारखेला संगंच जाऊ बसनं. मी साक्ष देते, तू खरं बोल."

"बोलतो," सूरज म्हणाला.