सासऱ्यांच्या चित्राला हार

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास मी काही महिने नदी काढणं बंद केलं होतं. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो, नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. कंपनीला सुट्टी असली की मी बोर्ड आणि रंग घेऊन काठावर जाऊन बसायचो. तेच वळण, तीच पलीकडची झाडं. घरातल्या भिंती भरल्या, तसा मी लग्नांत आहेर म्हणूनही नदीच द्यायला लागलो. शेवटी मेहुणीच्या लग्नाआधी बायको म्हणाली, "या वेळी मिक्सर देऊ या. लोकांच्या घरात ओल येईल."

मला ते लागलं.

सासरे अंबरनाथ पश्चिमेला राहायचे. कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, मिशीला रोज खोबरेल लावणारे. ते म्हणाले, "जावईबापू, नदीला जरा विश्रांती द्या. माणूस काढा. मी बसतो."

बसले कुठले, दर पाच मिनिटांनी उठून बघायचे.

"हे नाक कुणाचं?"

"तुमचंच, मामा."

"मग जरा कमी करा."

पहिल्या रविवारी ब्लेझर घातला, दुसऱ्या रविवारी उकडतं म्हणून बिनबाह्यांचा स्वेटर. मी स्वेटर रंगवून काढला, तर तिसऱ्या रविवारी परत ब्लेझर. कपाळावरच्या आठ्या मात्र माझ्या हातून लाटांसारख्याच आल्या. तरी चित्र ओळखू येत होतं.

चित्र फ्रेम करायला उल्हासनगर कॅम्प एकमध्ये दिलं. आणायला गेलो, तर फ्रेमवाल्या सिंधी शेठनी त्याला चंदनाचा हार घालून ठेवलेला.

"हार हमारी तरफ से," ते हळू आवाजात म्हणाले. "बुजुर्ग आदमी थे."

"थे नहीं, हैं."

"हां साईं, दिल में तो रहते ही हैं."

हार मागून चुका मारून पक्का केला होता आणि शेठ जेवायला निघाले होते. सासऱ्यांकडे जाऊन काढू, असं म्हणून मी चित्र मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि टेप बंद केली.

अंबरनाथला रस्ता खोदलेला होता, म्हणून कोपऱ्यावरच उतरलो आणि दोन्ही हातांनी चित्र पुढे धरून चालायला लागलो. पानवाला उठून उभा राहिला. सासऱ्यांच्या कारखान्यातले दोघं जण चप्पल घासत मागे यायला लागले.

"अहो, काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"धीर धरा," असं म्हणून त्यातल्या एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बिल्डिंगपाशी पोचेपर्यंत सात-आठ माणसं झाली होती. त्यात खालच्या मजल्यावरचे शेजारीही आले. वरून ओल्या कपड्यांचं पाणी गळतं, यावरून त्यांचा आणि सासऱ्यांचा चार वर्षं अबोला होता. ते बनियनवरच जिना चढत होते आणि डोळे पुसत म्हणत होते, "सोन्यासारखा माणूस. चूक माझीच होती. दोन थेंब पाणी ते काय."

दार सासऱ्यांनी उघडलं. कमरेला टॉवेल, अर्ध्या गालावर साबणाचा फेस.

सासऱ्यांनी माणसांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आत या सगळे," ते म्हणाले.

शेजारी मागच्या मागे सटकत होते. सासऱ्यांनी त्यांचा हात धरला. "तुम्ही जिन्यात काहीतरी सांगत होतात. चूक कोणाची?"

"माझी," शेजारी खाली बघत म्हणाले.

"बसा. चहा घेऊन जा."

दाढी तशीच अर्धी ठेवून सासरे सगळ्यांमध्ये बसले. आपल्याबद्दल वाटेत कोण काय काय म्हणालं, ते त्यांनी एकेकाला विचारून घेतलं. कारखान्यातल्या दोघांना म्हणाले, "सेकंड शिफ्टचं कोणीच कसं नाही आलं?" मी पक्कड आणून चुका काढायला लागलो, तर म्हणाले, "राहू द्या हो, संध्याकाळपर्यंत."

माणसं गेल्यावर त्यांनी दाढी पुरी केली आणि खूश होऊन मला म्हणाले, "आता हिचं काढा."

सासूबाई कपबशा गोळा करत होत्या. "मला सध्या वेळ नाही," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.