बारा पॉइंट सहा ग्रॅम

कॉलेजच्या रसायनशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या सहायकांना मुलं थेंबकाका म्हणत. टायट्रेशन करताना, म्हणजे रंग बदलेपर्यंत आम्लात थेंबाथेंबाने सोडा सोडताना, कोणी ब्युरेटच्या मापनळीची तोटी जरा जास्त उघडली की पाठीमागून आवाज यायचाच, "अरे थेंब, थेंब! अंघोळीला बसलायस का?"

बुटके, टापटीप. खिशात कायम घडी घातलेलं पांढरं फडकं. द्रावणं तयार करणं हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नियम असा होता की वजन एकाने करायचं आणि दुसऱ्याने ते तपासून वहीत सही करायची. दुसऱ्या सहीचा रकाना काकांनी कित्येक वर्षांपासून कोरा ठेवला होता. "माझ्या काट्यावर आणखी पहारा कोणाचा?" असं ते हसत म्हणत. पुढे पुढे कोणी विचारेनासंही झालं.

मोलर आणि नॉर्मल या द्रावणाच्या तीव्रतेच्या दोन मापांतला फरक समजावायला विभागप्रमुख मॅडमना दोन तास लागत. काकांना दोन मिनिटं पुरत. "ऑक्झॅलिक आम्लाच्या कणाला हात दोन. मोलर म्हणजे माणसं मोजायची. नॉर्मल म्हणजे हात मोजायचे. तेवढेच हात हवेत, तर माणसं किती लागतील? निम्मी!" म्हणून दशांश मोलर हवं असेल तर लिटरला बारा पॉइंट सहा ग्रॅम, आणि दशांश नॉर्मल हवं असेल तर सहा पॉइंट तीन. एवढ्या शिदोरीवर कितीतरी मुलं पार झाली.

बहिणीची मुलगी त्यांच्याकडे राहून त्याच कॉलेजात शिकत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला एक टवका उडालेली ब्युरेट बांधून मामांनी तिला रीडिंग घ्यायला शिकवलं होतं. डोळा पाण्याच्या रेषेत, श्वास रोखून. मामी वैतागायची. "आता चहाही थेंबाथेंबाने वाढू का तुम्हा दोघांना?"

प्रॅक्टिकल परीक्षेला भाची बसणार होती, म्हणून काकांनी आदल्या दिवशी द्रावणं भरून ठेवली आणि परीक्षेच्या वेळी बाहेरचं काम मागून घेतलं. उगाच कोणी बोट दाखवायला नको. संध्याकाळी घरी आले तर पोरगी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"किती आलं?"

"वीस पॉइंट तीन मिली."

"काय?"

"तिन्ही वेळा, मामा. बाकी सतरा जणांचं दहा. परीक्षकांनी माझ्यादेखत कागदावर लाल रेघ मारली. म्हणाले, ब्युरेट आयुष्यात कधी पाहिली होतीस का?"

मामांचं डोकंच फिरलं. "दहाला गुलाबी होतं आणि तू विसापर्यंत ओतत बसलीस? डोळे काय गहाण टाकले होतेस? उद्या अख्खं कॉलेज म्हणेल, थेंबकाकांच्या भाचीलाच थेंब दिसत नाही!"

"दहाला रंगच नव्हता."

"वर तोंड करून बोलू नकोस."

"अहो, पोरीला जेवू तरी द्या," मामी म्हणाली.

ती जेवली नाही. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे विषयात नापास. ताटावरून उठताना एवढंच म्हणाली, "मी रसायन सोडते. माझ्या हातातच काहीतरी खोट आहे."

दुसऱ्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी कॉलेजात पोचले. परीक्षेतलं आम्ल बाटलीत तळाशी उरलं होतं. आपण स्वतः टायट्रेशन करायचं, दहाचं रीडिंग कागदावर लिहायचं आणि तिच्यापुढे ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दहा मिली आम्ल फ्लास्कमध्ये, रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा. तोटी फिरवली.

दहाला रंग नव्हता.

अकराला नव्हता. पंधराला नव्हता. काकांनी फडक्याने चष्मा पुसला. वीस पॉइंट तीनला एक थेंब पडला आणि फ्लास्क फिका गुलाबी झाला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग वही उघडली. परवाची ओळ, त्यांचंच वळणदार अक्षर. १२.६ ग्रॅम. वरच्या वर्गाला आठवडाभर मोलर लागत होतं आणि रोज तेच वजन केलं होतं. त्याच सवयीने हात चालला. मॅडमच्या चिठ्ठीवर नॉर्मल, बाटलीवर नॉर्मल, आत मोलर. दुप्पट. ज्यांनी साऱ्या कॉलेजला हात मोजायला शिकवलं, त्यांनी माणसं मोजली होती.

सतरा जणांचं दहा कसं आलं, हेही तेव्हाच उलगडलं. वर्षभर दहाच येत होतं. पोरांनी विसाला रंग पाहिला आणि दहा लिहिलं. दिसलं ते लिहिणारी एकच निघाली. आणि तिला त्यांनी काय काय सुनावलं होतं.

व्हरांड्यात पावलं वाजली. काकांनी बाटली उचलली आणि सिंकमध्ये पालथी केली. मग तीनदा विसळली, कारण बाटली तीनदाच विसळायची असते. आत कोणी आलंच नाही. पावलं पुढे निघून गेली.

कॉलेज सुटलं तसे काका निघाले. घरी आले तर खिडकीचा गज मोकळा होता. ब्युरेट वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवलेली.

"कॉलेजात परत नेऊन ठेवा, मामा. इथे अडगळच आहे."

काका खाली बसले. चपलाही काढायच्या राहिल्या. आधी वजनाचं सांगितलं. मग अडखळत बाटलीचं.

"ओतली?" भाचीने विचारलं.

"हो."

"मी नापास झालेय हे माहीत असून ओतली?"

पदराने डोळे टिपत मामी आत गेली.

"मला कशाला सांगताय?" भाची म्हणाली. "मॅडमना सांगा."

सकाळी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, "काका, भाची नापास झाली आणि दोन दिवसांत तुम्हाला चूक सापडली. मी समजू शकते हो. पण तुमच्यासारख्यांनी असं करू नये."

काकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "खरंच सांगतोय, मॅडम."

"बाटली कुठाय?"

"ओतली."

"बरं."

"वहीत आहे. बारा पॉइंट सहा."

मॅडमनी वही पाहिली. शेजारच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे आज सकाळीही लिहिता आलं असतं. इथे कोणाची सही असती तर गोष्ट वेगळी."

काका म्हणाले, "मुलांना विचारा."

अठरा जणांना वर्गात बसवलं. काकांना फळ्याजवळ उभं राहावं लागलं. बारा पॉइंट सहाही त्यांनाच सांगावं लागलं, बाटली ओतल्याचंही. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नाही, म्हणून मॅडमनी पुन्हा सांगायला लावलं. मग मॅडमनी विचारलं, "दहाला रंग कोणी पाहिला? हात वर करा."

एक हात अर्धा वर आला आणि खाली गेला.

"मॅडम, वर्षभर दहाच येतं ना," मागून कोणीतरी पुटपुटलं. "आम्हाला वाटलं, आपलंच चुकलं."

मॅडमनी वही मिटली. परीक्षेआधी एकदा स्वतः करून बघायचं काम त्यांचं होतं. त्यांनीही मागच्या वर्षीचंच रीडिंग परीक्षकांच्या हाती दिलं होतं. हे त्या वर्गात बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "परीक्षकांना मी कळवते. परीक्षा परत होईल. सगळ्यांची. वजन शेजारच्या विभागातले करतील."

सतरा माना खाली होत्या. काकांचीही. भाची खिडकीबाहेर बघत होती.

कॉलेज सुटल्यावर ती पुढे चालत होती, काका वीसेक पावलं मागे. वळणावर ती क्षणभर थांबली, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा चालू लागली. हाक दोनदा त्यांच्या ओठांपर्यंत आली. कोणत्या तोंडाने मारायची, ते मात्र सुचलं नाही.