भाषणाविना माती

मरणापुढं सगळी माणसं सारखी असतात. आमच्या भागात ही समानता श्रद्धांजलीची भाषणं संपल्यावर सुरू होते.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात अंत्यविधीला 'माती' म्हणतात. चिता पेटल्यावर कवटी फुटेपर्यंत कुणी उठायचं नाही, असा रिवाज आहे. वक्त्याला याहून चांगले श्रोते कुठं मिळणार? जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य आसपासची एकही माती चुकवत नाहीत. लाकडं ओली असली की त्यांचं भाषण लांबतं. बांधावरून सख्ख्या भावाचं डोकं फोडलेल्या माणसालाही त्यांनी अजातशत्रू ठरवलेलं मी ऐकलंय.

माझ्या थोरल्या काकांनी ऐंशीच्या घरात गेल्यावर एकच इच्छा धरली. आपल्या मातीत हे भाषण होऊ नये. मी पुस्तकं वाचतो, म्हणून मार्ग शोधायचं काम माझ्याकडं आलं.

मी आधी देहदान सुचवलं. मेडिकल कॉलेजची गाडी येते, घेऊन जाते. चिता नाही, म्हणजे बसणंही नाही. काका खूश झाले.

आतून काकू म्हणाली, "आन् पिंडाला कावळा कुठं बोलवायचा? कालेजच्या गच्चीवर?"

देहदान तिथंच संपलं.

मग विद्युतदाहिनी. लाकूड लागत नाही, एकदा दार लागलं की बघण्यासारखं काही उरत नाही आणि अस्थी त्याच दिवशी मिळतात. आम्ही दोघं एसटीनं सोलापूरला जाऊन एक दाहिनी बघून आलो. तिथल्या माणसानं हळू आवाजात विचारलं, "मयत कुठंय?"

"मीच हाय," काका म्हणाले. "अजून येळ हाय."

त्यानं सगळं नीट दाखवलं. शेवटी एक हॉल उघडला. खुर्च्या, पंखे, माइक.

"आतलं काम होईस्तोवर मंडळी हितं बसतात," तो म्हणाला. "भाषणं निवांत होतात."

परतताना काका नळदुर्गला चहाला उतरले. मग म्हणाले, "पंख्याखाली तर त्यो थांबायचाच न्हाय."

राहिलं स्वतःचं शेत. आमच्याकडं कितीतरी जणांची माती त्यांच्या रानातच होते. काकांचं रान गावापासून लांब, वाट काळ्या जमिनीतून. पावसाळ्यात तिथं बैलगाडीही रुतते. माजी सदस्यांची गाडी जाणं शक्य नव्हतं, आणि गाडी सोडून चालताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

"ठरलं," काका म्हणाले. "मला रानात न्या."

"म्हंजी आता पावसाळ्यातच मरायचं ठरवलाव का?" काकूनं विचारलं.

"बघू की. जमंल तसं."

काकांची चूक एवढीच झाली, की त्यांनी इच्छा चारचौघांत सांगितली आणि कारण सांगितलं नाही. बापजाद्यांच्या रानातच माझी माती करा, हे वाक्य फिरत फिरत माजी सदस्यांपर्यंत गेलं. ते घरी आले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. काकांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "काका, तुमच्यासारख्या माणसाला शेवटी चिखलातून न्यायचं? आम्ही मेलो का?"

"न्हाय," काका म्हणाले.

खरं कारण तोंडावर सांगायचा काकांना धीर झाला नाही. मलाही झाला नाही. पाहुणा चहा पीत होता. जाताना त्यांनी शब्द दिला, आणि आमच्या माहितीत त्यांनी पाळलेला हा पहिलाच शब्द. वर्षाच्या आत पाणंद रस्ता मंजूर झाला, खडी पडली, रोलर फिरला. कुठल्याही पावसात मोठी गाडी काकांच्या रानातल्या विहिरीपर्यंत जाऊ लागली.

उद्घाटन विहिरीजवळच मंडप टाकून झालं. हा रस्ता कुणासाठी आणि कशासाठी केला, यावर माजी सदस्य तासभर बोलले. काका फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. मयत नसल्यामुळं त्यांना शेवटी टाळ्याही वाजवाव्या लागल्या.