शीर बघू आधी

पायवाले डॉक्टर पेशंटच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायाकडे बघत. कल्याणच्या त्यांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं सिस्टर होते. माझी चप्पल बदलली की त्यांना त्याच दिवशी कळे. नवा चष्मा मात्र दिवाळीपर्यंत कळला नाही. पायाचा रक्तपुरवठा तुटत चाललेली माणसं त्यांच्याकडे येत. कुणाचं बोट काळं पडलेलं, कुणाची जखम महिनोन्‌महिने न भरलेली. रिक्षावाल्यांना त्यांचं आडनाव ठाऊक नव्हतं. ‘पायवाले’ म्हटलं की दारात आणून सोडत.

आलेल्या माणसाला टेबलावर बसवून ते स्वतः बुटक्या स्टुलावर बसत आणि त्याचा मोजा आपल्या हातांनी काढत. खरं तर ते माझं काम, पण मी पुढे झाले की मला मागे सारत. म्हातारी माणसं अवघडून जात. शहाडचे एक आजोबा तर पाय आखडूनच बसले. “सायेब, तुम्ही पायाला हात नका लावू, बरं नाय दिसत.” डॉक्टर नाडी चाचपतच म्हणाले, “आता वाकलोच आहे, तर आशीर्वाद देऊन टाका.” आजोबांनी खरंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असे: बायपास चांगली की फुगा? डॉक्टर दोन्ही करत, आणि या प्रश्नाला हमखास चिडत. “रंधा चांगला की करवत, असं सुताराला विचारता का? शीर बघू आधी.” राग ओसरला की समजावत. फुगा म्हणजे बारीक तारेवरून इवलासा फुगा आत नेऊन, तो फुगवून रक्ताची बंद नळी आतून उघडायची. मोठी चिरफाड नाही, माणूस लवकर घरी जातो. बायपास म्हणजे पायातलीच चांगली शीर वापरून अडलेल्या जागेला वळसा घालायचा. ऑपरेशन मोठं; पण शीर धडधाकट असेल, अडथळा लांबलचक असेल आणि हृदय भूल सोसणार असेल, तर बायपास बहुधा जास्त टिकते. शीर खराब किंवा माणूस नाजूक असला की ते स्वतःच फुग्याकडे वळत. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे आईच्या वेळी कळलं.

आईला जुना मधुमेह. पायाचं एक बोट काळं पडलं, आणि पाय इतका ठणके की खाटेखाली लोंबता ठेवल्याशिवाय तिला चैन पडेना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सोनोग्राफीत शीर पाहिली, हिरव्या पेनाने तिच्या मांडीवर रेघ ओढली आणि खुशीत म्हणाले, “सुंदर शीर आहे. बायपास करू.”

घरी गोंधळ उडाला. आमच्याकडे बायपास म्हणजे काळजाचीच. डोंबिवलीची मावशी बिनतेलाची भाजी घेऊन धावत आली आणि आईला जिना चढू देईना. आई वैतागली, “अगं, माझं काळीज धड आहे! पाय दुखतोय, पाय!” दादा म्हणाला, “टेन्शन कशाला घेतेस? फुगा मारून घेऊ ना, दोन दिवसांत घरी.” आणि मी, नऊ वर्षं हेच बघत आलेली शहाणी, दादाच्या बाजूने गेले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईच्या पायावर एवढी मोठी चीर पडणार, हे मला सोसवेना.

मी डॉक्टरांशी भांडले. आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. “सर, आधी फुगा करून बघू. नाही जमलं तर बायपास आहेच की!”

“तोवर पाय थांबेल, असं तुम्हाला कुणी सांगितलं?” ते म्हणाले. “सिस्टर, आज तुम्ही सिस्टर नाही, मुलगी आहात. पाय आईंचा आहे. त्यांना विचारू.”

मग आईसमोर स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, धोक्यांसकट, जराही घाई न करता. आईने सगळं ऐकलं. “टिकेल ते करा,” म्हणाली. “मला अजून हिंडायचंय.”

ते काळं बोट गेलं, पाय राहिला. त्या नवरात्रात आई ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला काठी टेकत गेली, आणि गर्दीत माझ्याच पुढे चालत होती.

पुढे डॉक्टरांचा हात कापू लागला. तो कुणाच्या लक्षात यायच्या आधी त्यांनी दवाखाना बंद केला. इतका मानी आणि इतका सच्चा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटच्या दिवशी कपाटं आवरताना मी त्या भांडणाची माफी मागितली.

“माफी कसली?” ते म्हणाले. “माझ्या आईच्या वेळी मीही हेच केलं. शीर तुमच्या आईंसारखीच होती. माझ्या सरांनी बायपास सांगितली होती. मीच हट्टाने फुगा करायला लावला. तिला चिरलेलं मला बघवणार नव्हतं.”

“मग?”

“पाय गेला. मांडीपासून.”

 मी विचारलं, “त्या काही बोलल्या तुम्हाला?”

“काय बोलणार?” डॉक्टर म्हणाले. “दुसराही उपाय होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.”