चंद्रबंदरचा दिवा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. याकूबला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यालाच.

गोष्ट एका सिनेमातल्या एका वाक्याची आहे. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. मीही ती बरीच वर्षं हसण्यावारीच नेली.

आमच्या रेवदंड्याला बर्फाच्या कारखान्यामागे एक पत्र्याची खोली होती. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की माणसं मोकळी असायची. मग कोणीतरी अलिबागहून व्हीसीआर भाड्याने आणायचं आणि भरदुपारी त्या खोलीत पिच्चर लागायचा. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना निळी ताडपत्री बांधायचे. त्यामुळे आत सगळं निळं व्हायचं — माणसं, भिंती, जाळ्यांचे ढीग. त्या ढिगांवरच आम्ही बसायचो. अजूनही डोळे मिटले की मला ती निळाई दिसते, आणि तिच्यात मासळीचा वास. स्वप्नांना वास असतो का? माझ्या स्वप्नांना आहे.

तिथेच आम्ही तो अंतराळातला पिच्चर पाहिला. एकामागून एक निघालेल्या भागांची ती मालिका होती. इंग्रजी नाव कोणाला धड म्हणता येत नसे, म्हणून गावाने त्याला ‘चंद्रबंदर’ म्हणायला सुरुवात केली. एका चंद्रावर बंदर. तिथे बोटींसारखी यानं येतात, नांगर टाकतात. टेकडीवर दीपस्तंभ, आणि तो सांभाळणारा ओरान. त्याचा धाकटा भाऊ रीव लढाईवर गेलेला. आम्हाला हे सगळं किती ओळखीचं होतं म्हणून सांगू! खाडीपलीकडे कोर्लईचा दिवा रोज फिरताना बघणारी माणसं आम्ही. काळ्या आकाशातून यानं यायची तेव्हा धर्मा नाखवा — आमच्यातला बोट हाकणारा सगळ्यात जुना तांडेल — बसल्या जागी हात हलवून त्यांना वाट दाखवायचा.

पिच्चर इंग्रजीत, खाली अक्षरं नाहीत. इंग्रजी येणारा एकटा मी. तीन-चार वर्षं मुंबईला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत गेलो होतो. नापास झालो, मामाने परत पाठवलं. पण गावाला नापास माहीत नव्हतं, इंग्रजी माहीत होतं. माझं नावच पडलं ‘इंग्लिश’. मी टीव्हीशेजारी उभा राहायचो आणि पात्रं बोलली की मराठीत सांगायचो. खरं सांगू? त्या निळ्या खोलीत मला जितकं मोठं वाटलं तितकं पुढे कधीच वाटलं नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी रीवचं यान घरी परत येत असतं. अंधार, वादळ. आणि ओरान — सख्खा मोठा भाऊ — दिवा विझवतो. हाताने. यान भरकटतं, ठिपका होतं, दिसेनासं होतं. मग ओरान जिन्याच्या पायरीवर बसतो आणि एक वाक्य बोलतो. हळू, तोंडातल्या तोंडात. पिच्चर संपतो.

ते वाक्य मला ऐकू आलं नाही.

म्हणजे अर्धं आलं. ‘मला तो यायला नको होता —’ एवढं. नेमकी तेव्हाच पावसाची सर पत्र्यावर कोसळली आणि पुढचं सगळं वाहून गेलं. खोलीत कोणी हलेना. मग अंधारातून धर्मा नाखव्याचा आवाज आला.

“ए इंग्लिश, काय बोल्ला त्यो?”

नीट ऐकू आलं नाही — एवढंच म्हणायचं होतं. मागे घेऊन परत लावता आलं असतं. तरी मी म्हणालो, “तो म्हणतो, मला तो यायला नको होता. कारण सगळ्यांचा जीव त्याच्यावरच होता. माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.”

हे कुठून आलं? इतक्या पटकन, इतकं तयार? यावर मी पुढे येतो. जरा दम घेऊ द्या.

त्या दिवसापासून गावात एकच वाद. धक्क्यावर, जाळी विणताना, न्हाव्याकडे. ओरानने असं का केलं? बहुतेकांचं मत ठरलेलं होतं: जळका माणूस. पुरावा काय, तर तो स्वतःच बोलला ना! विरुद्ध बाजूला एकटा याकूब.

याकूब माझा दोस्त, माझ्याच वयाचा. त्यांचं घर मशिदीमागे, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तो कुठेही गेला की लोक सरकून जागा करून द्यायचे. का, ते सांगता येणार नाही. त्याचं हसणंच तसं होतं. तो म्हणायचा, “दिवा सांभाळणारा माणूस दिवा असाच नाय विझवणार भाई. त्याचं काहीतरी असणार.”

“अरे त्यो सोताच्या तोंडानं बोल्ला!” धर्मा नाखवा खेकसायचा. “तू काय त्याचा वकील हायस?”

“इंग्लिशने ऐकण्यात चूक केली असेल.”

सगळे माझ्याकडे बघायचे. आणि मी — मी आईची शपथ घेतली. धक्क्यावर, दहा माणसांत. आई तेव्हा जिवंत होती.

तिसरा भाग दोनएक वर्षांनी आला. त्यात रीवची मुलगी मोठी होऊन ओरानला शोधत येते. तो म्हातारा झालेला. ती त्याच्या पायरीवर बसते, त्याचा हात हातात घेते आणि रडते. खोली गोंधळली. बापाला बुडवणाऱ्याचा हात धरून ही का रडते? मला ती काय बोलते ते बरंचसं कळत होतं — ती त्याचे आभार मानत होती. पण मग माझं जुनं वाक्य कुठे ठेवू? मी सांगितलं, “ती म्हणते, मी तुला माफ केलं.”

“गोष्टवाल्यानं हितं माती खाल्ली,” धर्मा नाखवा वैतागून उठला. “असं कोन माफ करतं काय? मागच्याचा पुढच्याला मेळच न्हाय.”

कोणा परदेशातल्या माणसाने मन लावून रचलेली गोष्ट आमच्या गावात वर्षानुवर्षं भिकार ठरली, ती माझ्यामुळे. याकूब तेवढा पडद्यासमोरून हलला नव्हता. म्हणाला, “तिला काहीतरी माहीत आहे. आपल्याला माहीत नाय.”

आता तुम्ही विचाराल, याकूबला त्या ओरानचा एवढा पुळका का? गावाला ते ठाऊक होतं. त्याचा मोठा भाऊ हमीद दुबईला ड्रायव्हर होता. बाप गेल्यावर त्यानेच याकूबला वाढवलं, आणि जाताना सांगून गेला होता, जम बसला की तुला बोलावतो. याकूबने पासपोर्ट काढला, बॅगही घेतली. मग एक दिवस एसटीडी बूथवर फोन आला. हमीद म्हणाला, येऊ नकोस. का, ते सांगितलं नाही. पुन्हा विचारलं तर फोन ठेवला.

तोवर आमच्या गावात एक नवा शब्दप्रयोग रुजला होता. कोणी कोणाला मुद्दाम तोडलं की लोक म्हणायचे, त्याने दिवा विझवला. सासूने सुनेचा विझवला, मच्छीमार सोसायटीने कोणाचा विझवला. आणि मग, साहजिकच: हमीदने याकूबचा दिवा विझवला. लहान पोरंसुद्धा म्हणायची. माझ्या तोंडातून निघालेली थाप अशी गावाची भाषा झाली होती. याकूब ओरानची बाजू घेऊन भांडायचा तेव्हा तो कोणासाठी भांडतोय, हे मला कळत नव्हतं असं समजू नका. मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

वर्षं गेली. मी एसटी स्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान टाकलं, याकूबने बोट घेतली. एकदा अलिबागला एका ओळखीच्यांकडे बसलो असताना त्यांच्या मुलाने तोच पिच्चर लावला. आता तो चकतीवर आला होता, खाली इंग्रजी अक्षरं होती. मी जेवायला थांबणार नव्हतो, पण थांबलो. ताट हातात धरून दुसऱ्या भागाच्या शेवटापर्यंत बसलो. ओरान पायरीवर बसला. अक्षरं उमटली.

‘मला तो यायला नको होता — या बंदरात. शत्रू वेश बदलून आधीच इथे येऊन बसला होता.’

बस. चित्रात हे कुठेच दाखवलेलं नव्हतं. सगळं त्या एका वाक्यात होतं. भाऊ सापळ्यात येऊ नये म्हणून त्याने दिवा विझवला होता.

घरी येताना रिक्षातून मला खाडीवर धुकं दिसलं. धुक्यात कोर्लईचा दिवा पुसट होऊन पुन्हा उजळत होता. मला वाटलं, रिक्षा वर चालली आहे, पाण्यावरून, कुठल्यातरी चंद्राकडे, आणि मला तिथे कोणीतरी काहीतरी विचारणार आहे. उत्तर माझ्या खिशात आहे. रिक्षावाल्याने ‘कुठे उतरवू’ विचारलं तेव्हा मी दचकलो.

याकूबला सांगितलं का? नाही. उद्या सांगू म्हणालो. त्यातच काही महिने गेले.

त्याच वर्षी ईदला हमीद येणार असल्याचं कळलं. फार वर्षांनी. गावात कुजबूज झाली. ईद तोंडावर आली होती. सकाळी मी दुकान उघडायला निघालो तर याकूब धक्क्यावर बोटीत बर्फ भरत होता. सणाच्या तोंडावर! मी थांबलो. तो वर न बघता म्हणाला, “चार दिवस बाहेर राहीन. तो येऊन गेला की परत येईन.”

त्याने फावडं ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

“इंग्लिश, एकदाच खरं सांग. शपथबिपथ नको. तो तसंच बोल्ला होता ना?”

पाऊस नव्हता. पत्रा नव्हता. आमच्यामध्ये फक्त बर्फाची वाफ होती, आणि त्याचा चेहरा — मी नाही म्हणावं म्हणून थांबलेला. तुम्ही असता तर दिसलं असतं तुम्हाला. मला दिसलं.

मी म्हणालो, “तसंच बोलला होता.”

त्याने मान हलवली. बोट सुटली.

हमीद आला, रजा संपेपर्यंत राहिला. रोज धक्क्यावर यायचा, हात मागे बांधून खाडीच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. बारीक झाला होता. एकदा माझ्या दुकानात शिरला, निळं पेन घेतलं, उगीच चालवून बघितलं आणि विचारलं, “याकूब माझ्याबद्दल काय बोलतो?” मी म्हणालो, गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तो दुबईला परत गेला, त्यानंतरच याकूबची बोट खाडीत शिरली. दुसऱ्या वर्षी हमीद तिकडेच छातीत कळ येऊन गेला. दफनही तिकडेच झालं. त्याने ‘येऊ नकोस’ का म्हटलं होतं, ते आता कोणालाच कळणार नाही. कदाचित त्याचं काही कारण असेल. कदाचित नसेलही. ते एकमेकांना विचारायचं काम त्या दोन भावांचं होतं, आणि मी मध्ये उभा राहिलो.

मघाशी मी म्हणालो ना, ते वाक्य कुठून आलं यावर येतो म्हणून. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतोय. ऐका. ते ओरानचं नव्हतं. माझं होतं. ‘सगळ्यांचा जीव त्याच्यावरच होता, माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.’ हे मी याकूबबद्दल कितीतरी दिवस मनात म्हणत होतो. मुंबईहून परत आल्यापासून. लोक त्याला सरकून जागा द्यायचे ना, तेव्हा. पावसाने अर्धं वाक्य नेलं, आणि रिकाम्या जागी माझं जाऊन बसलं. आणि धक्क्यावर त्या सकाळी? तेव्हा तर पाऊसही नव्हता.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

याकूबची मुलगी शबाना अलिबागला कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, त्या असले पिच्चर बघतात आणि कोण का असं वागलं यावर फोनवर तासन्‌तास भांडतात. संध्याकाळी मी याकूबच्या ओट्यावर चहाला बसलो होतो. ती फोन नाचवत बाहेर आली.

“अब्बा, तुमचा चंद्रबंदर! आता मराठी अक्षरांसकट आलाय. माझ्या मैत्रिणी सगळ्या ओरानच्या बाजूने आहेत, एकटी मीच त्याला जळका म्हणत होते, तुम्हा गाववाल्यांमुळे! बघा, माझी कशी फजिती झाली.”

तिने नेमका तो शेवट लावला. याकूबने चष्मा चढवला. त्याला वाचताना ओठ हलवायची सवय आहे. मी पडद्याकडे बघितलं नाही, त्याच्या ओठांकडे बघत होतो. ‘या बंदरात,’ ओठ म्हणाले. मग थांबले. त्याने बोटाने मागे घेऊन पुन्हा वाचलं. आणखी एकदा. बशीतला चहा तसाच राहिला.

इतकी वर्षं एकटा भांडत होता तो. आणि बरोबर होता. मला वाटलं आता उठेल, ओरडेल. माझी गचांडी धरेल. धरावी, असं वाटलं.

शबाना माझ्याकडे वळली. “पण काका, तुम्ही तर वेगळंच सांगितलं होतंत ना?”

याकूबने चष्मा काढला. खाडीकडे बघत राहिला — दिवा लागायची वेळ झाली होती. मग तिला म्हणाला, अगदी मऊ आवाजात, “त्या वेळच्या कॅसेटी वेगळ्या असायच्या बेटा. कापाकापी करून यायच्या. काकाने जे होतं तेच सांगितलं.”

आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “हो. कॅसेट वेगळी होती.”

कॅसेट वेगळी नव्हती.