अर्जातलं एक वाक्य

माझी मैत्रीण एका दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुते. चिमटे, कात्र्या, सुऱ्या. आधी गार पाण्यात, मग साबणाच्या. चिमट्याचे दात ब्रशने घासायचे, आपण आपले घासतो तसे. मग सगळं मोजून कापडात बांधायचं आणि वाफेच्या यंत्रात लावायचं. असा एक बांधलेला गठ्ठा म्हणजे एक सेट. चार वर्षं ती हेच करते आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तिचा चेहरा माहीत नाही, पण तिची गाठ ओळखता येते.

घरी तिला टिटवी म्हणतात. नाव वडिलांनी ठेवलं. संकट यायच्या आधीच ही ओरडायला लागते, म्हणून. गॅस बंद आहे ना, दादा अजून का आला नाही, दाराला कडी लावली का. वहिनी म्हणते, आमच्याकडे कुत्रा पाळायची गरज नाही, टिटवी आहे. टिटवी हसते आणि उठून कडी बघून येते.

तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या शाळेत दोनदा अर्ज केला, दोनदा यादीत नाव आलं नाही. हे तिसरं वर्ष. वयाच्या अटीमुळे शेवटचं.

अर्जात एक चौकट होती. तुम्हाला नर्स का व्हायचं आहे, ते दीडशे शब्दांत लिहा. तिने तीन वाक्यं लिहिली होती. मला मोजायला आवडतं. मला रक्ताची किळस येत नाही. मी भित्री आहे, म्हणून दोनदा बघते.

मी साहित्यात पदवी घेतलेली. मला ते फार कोरडं वाटलं. आण इकडे, म्हटलं, आणि अर्ध्या तासात नवीन लिहून दिलं. तिचे वडील त्याच दवाखान्यात गेले, एवढं मला माहीत होतं. मी लिहिलं: 'बाबांनी शेवटचा श्वास घेतला तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता.'

ती ते स्वच्छ अक्षरात उतरवत होती. त्या वाक्यापाशी तिचं पेन थांबलं.

"असं लिहायचं?"

"असंच लिहितात," मी म्हटलं.

तिने उतरवलं.

अर्ज देऊन आठ दिवस झाले होते. ती कामावरून परस्पर माझ्याकडे आली. आमची घरं एकाच जिन्यावर आहेत. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाबा गेले तेव्हा मी आत नव्हते," ती म्हणाली. "मला जाववलंच नाही. मी बाहेर उभी होते. हात मोठ्या सिस्टरनी धरला होता."

आधी का नाही बोललीस, असं मी विचारलं. त्यावर तिने जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. तिला वाटलं होतं, असंच लिहितात म्हणजे सगळेच तसं लिहीत असणार. आणि तेही सगळे तेव्हा बाहेरच उभे असणार.

एवढ्यावर भागलं नव्हतं. अर्जाला कामाच्या ठिकाणच्या प्रमुखाची शिफारस लागते. त्यांनी अर्ज वाचायचा, स्वतःचं मत लिहायचं आणि दोन्ही कागद एका लिफाफ्यात बंद करून शाळेकडे पाठवायचे. काय लिहिलं ते अर्ज करणाऱ्याला दाखवायचं नाही. टिटवीच्या प्रमुख म्हणजे मोठ्या सिस्टरच; शिफारस त्यांनीच केली होती. म्हणजे ते वाक्य सगळ्यात आधी त्यांनी वाचलं होतं.

मोठ्या सिस्टर रोज सकाळी सेट तपासायला खाली येतात. कात्र्या सात, चिमटे बारा, सही, की निघाल्या. त्या दिवसांतही तशाच येत राहिल्या. अर्जाबद्दल चकार शब्द नाही. टिटवी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायची आणि रोज संध्याकाळी मला अहवाल द्यायची. आज चष्मा काढून बघितलं. आज सही जोरात केली. एकदा त्यांनी तिला चहा घेतलास का, असं विचारलं. घरी येऊन ती रडली. चार वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांत कळवतो, असं शाळेने सांगितलं होतं. पंधरा झाले, वीस झाले. तिचं जेवण कमी झालं. फोन वाजला की ती त्याच्याकडे बघत बसायची आणि तो थांबल्यावर नंबर बघायची. आई समजूत काढायची, नाही झालं तर नाही झालं, आहे ती नोकरी काय वाईट आहे. आईला तिची अर्धीच भीती कळत होती. नाव आलं नाही तर शाळेचं दार कायमचं बंद होतं. आलं तर ते एका खोट्या वाक्यावर येणार होतं, आणि ते खोटं आहे हे माहीत असलेलं माणूस रोज सकाळी समोर उभं राहत होतं. दादा गमतीने म्हणाला, टिटवी, इतकी वाळलीस की तुलाच कुणीतरी ॲडमिट करून घेईल. कुणी हसलं नाही.

चोविसाव्या दिवशी, सकाळच्या तपासणीनंतर बांधलेल्या तिच्या सेटमध्ये एक चिमटा कमी भरला. चार वर्षांत पहिल्यांदा. वर ऑपरेशनच्या आधी मोजताना लक्षात आलं, म्हणून निभावलं. मोठ्या सिस्टर खाली आल्या. त्यांनी दार लावलं. त्या रागावतील म्हणून ती वाट बघत होती. त्याआधी हिच्याच तोंडून निघालं.

"सिस्टर, अर्जात मी खोटं लिहिलंय."

"माहीत आहे. तिथे मीच होते ना."

तिने विचारलं, मग तुम्ही काय लिहिलंत. ते विचारायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. जाताना एवढंच बोलल्या की मी खोटं लिहीत नाही, ते तुला ठाऊक आहे.

म्हणजे एकाच लिफाफ्यात दोन कागद होते आणि त्यांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

टिटवीने शाळेला पत्र लिहायचं ठरवलं. मी तिला परोपरीने सांगितलं. शेकडो अर्ज येतात, कोण बारकाईने वाचतंय, आपण होऊन पायावर धोंडा कशाला मारून घेतेस. खरं तर मला स्वतःसाठीही भीती वाटत होती. वाक्य माझं होतं.

"चुकीचा सेट वर गेला तर फोन करून परत मागवायचा असतो," ती म्हणाली. "कुणीतरी उघडेल म्हणून थांबायचं नसतं."

पत्र तिने एकटीने लिहिलं. मी वाचू का विचारलं, तर नको म्हणाली. तू सुधारशील.

शाळेच्या खिडकीत ते दिलं आणि पोच म्हणून शिक्का घेतला. त्यानंतरचे नऊ दिवस मला सांगता येणार नाहीत. ती कामाला जायची आणि यायची. आपण शेवटची संधी आपल्याच हातांनी घालवली, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.

दहाव्या दिवशी फोन आला. प्राचार्यांनी भेटायला बोलावलं होतं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

मी सोबत गेले. लांबलचक बोळ, भिंतीला टेकलेलं बाक, पलीकडच्या खोलीत खाटेवर एक प्लास्टिकचा माणूस आणि त्याच्याभोवती वह्या घेतलेल्या मुली. तिला आत बोलावलं. दार लागलं. वीस मिनिटं मी त्या दाराकडे बघत होते.

ती बाहेर आली ती थेट जिन्याकडे निघाली. पहिल्या वळणावर कठडा धरून थांबली आणि तिथेच सगळं सांगितलं. टेबलावर तिन्ही कागद होते. प्राचार्यांनी एकच गोष्ट विचारली. बाहेर उभ्या राहून तुम्ही काय करत होतात?

"मग?"

"खरं ते सांगितलं. दाराच्या काचेतून बाबांची छाती दिसत होती. मी श्वास मोजत होते. शेवटी शेवटी मिनिटाला सहा होते."

अकरा वर्षांची आमची ओळख. अर्ध्या तासात मी तिच्या बापाचं मरण लिहून मोकळी झाले होते. त्या दिवशी तू काय करत होतीस, हे मी विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी आत जाल का, असंही प्राचार्यांनी विचारलं होतं. माहीत नाही, असं ती म्हणाली होती. मग त्यांनी खूप वेळ काहीतरी लिहिलं आणि सोमवारी सातला या म्हणून सांगितलं. तीन महिने बघणार. पहिल्याच आठवड्यापासून रुग्णांजवळ उभं करणार. जमलं तर पुढे, नाही तर तिथेच संपलं.

"म्हणजे घेतलं," मी म्हटलं.

"म्हणजे आत जायचं," ती म्हणाली.

मऊ तळव्याचे पांढरे बूट लागणार होते. आम्ही तिथूनच दुकानात गेलो. तिने पाय बुटात घातला, वाकली, नाडी हातात घेतली. नाडी सारखी सुटत होती. दुकानदार बघायला लागला. मी खाली बसले आणि गाठ मारून दिली.